वणव्यावर पाणी टाकणारी विमाने का कोसळतात, आणि सत्तरीच्या डोंगरांचा त्याच्याशी काय संबंध

वाळपईच्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. जुलै २०२३ मध्ये ग्रीसमध्ये वणवा विझवताना कोसळलेल्या विमानाची चित्रफीत त्यांनी पाहिली. विमान धडधाकट दिसते, पाणीही नेमके टाकते आणि पुढच्या काही क्षणांत दरीत कोसळते. हे कसे घडले, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. अनुभवी वैमानिक असूनही अशा दुर्घटना पुन्हा पुन्हा का होतात, हा दुसरा. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले म्हादई अभयारण्य पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली होती. मग गोव्याने या कामासाठी स्वतःची विमाने ठेवावीत का, हा तिसरा.

मी नौदलात हेलिकॉप्टर उडवले आणि नंतरची वर्षे उड्डाणसुरक्षेच्या कामात घालवली. त्यामुळे हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या पाण्याच्या बादलीबद्दल मी जे लिहितो ते हाताखालून गेलेले आहे, आणि आगीवर पाणी किंवा अग्निरोधक द्रव टाकणाऱ्या मोठ्या टँकर विमानांबद्दल जे लिहितो ते चौकशी अहवाल वाचून आलेले आहे, हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. माझे मत मात्र दोन्हींबाबत एकच आहे. असे विमान पाणी टाकताना किंवा टाकल्यावर लगेच पडते हे खरे, पण त्या पडण्याची सुरुवात बहुधा दरीत शिरायचे की नाही या निर्णयापाशी झालेली असते, आणि तो निर्णय कॉकपिटमधल्या माणसांइतकाच जमिनीवरच्या माणसांचाही असतो.

आधी ग्रीसची घटना पाहू. २५ जुलै २०२३ रोजी ग्रीक हवाई दलाचे कॅनडेअर सीएल-२१५ हे विमान एव्हिया बेटावर, कारिस्तोस भागातल्या प्लातानिस्तोस गावाजवळ कोसळले आणि ३४ व २७ वर्षांचे दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. ते दृश्य ग्रीसच्या सरकारी दूरचित्रवाणीवर थेट दिसले. विमान उतारावरच्या आगीवर अगदी कमी उंचीवरून पाणी टाकते, त्याच्या एका पंखाचे टोक झाडाला घासते, विमान एका अंगावर कलंडते आणि टेकडीआड जाऊन पेटते. आपण चित्रफितीत पाहतो तो काळ फक्त शेवटच्या काही सेकंदांचा असतो, आणि त्यातून ‘वैमानिक फार खाली आला’ एवढाच निष्कर्ष निघतो. मात्र या कामात खाली येणे ही चूक नसून कामाची अट आहे. फार उंचावरून टाकलेले पाणी वाऱ्यात फाटते, त्याचे तुषार होतात आणि ज्वाळेपर्यंत पोहोचण्याआधीच त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. म्हणून अशी विमाने झाडांच्या शेंड्यांपासून सुमारे ३० ते ४५ मीटर उंचीवरून पाणी टाकतात. जमीन हवी तितकी सपाट असती तर त्यातही फारसे काही बिघडले नसते.

जमीन सपाट नसते, आणि खरी अडचण इथून सुरू होते. विमान १०० नॉटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने चालले आहे असे धरा. समोरचा उतार पाचास एक या प्रमाणात चढत असेल, तर जमीन सेकंदाला १० मीटर वर येत असते. वैमानिकाने विमान नुसते सरळ पातळीत ठेवले, तर खाली असलेले ३० मीटरचे अंतर ३ सेकंदांत संपते. ते अंतर टिकवायचे तर विमानाला सेकंदाला १० मीटर चढावे लागेल, आणि भरलेल्या कॅनडेअरच्या आवाक्याबाहेरची ती गोष्ट आहे. म्हणून या धंद्यातला पहिला नियम असा की पाणी उताराच्या दिशेने टाकावे, म्हणजे टाकून झाल्यावर नाकासमोर जमीन खाली जात असेल. आणि दरीत शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट डोळ्यांनी पाहिलेली असावी. नियम सोपा आहे, पण आगीला तो ठाऊक नसतो. वाऱ्याची दिशा, धुराचा पडदा, घरांची जागा आणि पुढे चाललेले दुसरे विमान या सगळ्यांमुळे कधी कधी आडव्या उतारावरून किंवा चढाच्या दिशेने जाण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटू लागते, आणि ‘या एका फेरीपुरते’ म्हणून नियम वाकवला जातो.

त्यात वळण आले की गणित आणखी आखडते. सरळ जाणाऱ्या विमानाला पडू नये म्हणून जो किमान वेग लागतो, तो ३० अंश कलून घेतलेल्या सपाट वळणात सुमारे ७ टक्क्यांनी, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांत ४१ टक्क्यांनी वाढतो. पाणी टाकायला वेग कमी केलेला असतो. समोर डोंगर दिसताच वैमानिक तीव्र वळण घेतो. त्याच क्षणी विमानाला पूर्वीपेक्षा जास्त वेग हवा असतो आणि तो हाताशी नसतो. हवा पंखांना पेलत नाही, म्हणजे विमान स्टॉल होते. ३,००० मीटरवर स्टॉल झाला तर नाक खाली करून वेग मिळवता येतो. ४० मीटरवर नाक खाली करायला जागाच नसते.

उष्ण हवा या सगळ्यात भर घालते. समजा, ८०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर दुपारी ३५ अंश तापमान आहे. तिथली हवा इतकी विरळ झालेली असते की विमानाचे पंख, इंजिन आणि हेलिकॉप्टरची पाती तिला सुमारे १,७०० मीटर उंचीवरची हवा म्हणूनच अनुभवतात. आगीच्या लगत तापमान याहूनही जास्त असते. शिवाय पेटलेली दरी स्वतःचा वारा तयार करते: मध्ये तापलेल्या हवेचा स्तंभ वर चढतो, त्याची जागा भरायला चारही बाजूंनी वारा आत ओढला जातो, आणि कड्याच्या आडोशाच्या बाजूला खाली कोसळणारे झोत निर्माण होतात. विमान समोरच्या वाऱ्यातून निघून अचानक पाठीमागच्या वाऱ्यात शिरले, तर जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग तोच राहतो, पण पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग काही क्षणांत कितीतरी नॉटनी घटतो. यालाच विंडशिअर म्हणतात. सपाट विमानतळावर तो वैमानिकाची परीक्षा पाहतो; डोंगरात, कमी उंचीवर आणि कमी वेगात तो परीक्षेलाही वेळ देत नाही.

याचे सर्वात नीट अभ्यासलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे, आणि मी त्यावर थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या विषयातले जवळजवळ सगळे शिकण्यासारखे त्या एका प्रकरणात आहे. २३ जानेवारी २०२० रोजी न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाच्या ईशान्येस, पीक व्ह्यू इथे, सी-१३० हर्क्युलिस जातीचे मोठे टँकर विमान कोसळले आणि तिघेही अमेरिकन कर्मचारी ठार झाले. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दीर्घ चौकशी करून २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. विमानाला आधी अडामिनाबी इथल्या आगीवर पाठवले होते. तिथे पोहोचल्यावर वारा आणि दृश्यमानता पाहून कर्मचाऱ्यांनी काम शक्य नसल्याचे ठरवले. मग त्यांना जवळच्या दुसऱ्या आगीकडे वळवण्यात आले. तिथे त्यांनी काही फेऱ्या मारून पाहणी केली, अग्निरोधक द्रवाचा काही भाग टाकला आणि डावीकडे वळत चढायला सुरुवात केली. अहवालाच्या मते पाठीमागचा वारा, विंडशिअर आणि खाली येणारे झोत यांमुळे विमानाचा वेग घटत गेला, ते कमी उंचीवर स्टॉल झाले आणि जमिनीवर आदळले. टाकीत उरलेला द्रव सोडून दिला असता तर वजन कमी झाले असते, पण तो सोडलेला नव्हता.

इथवरची हकिगत हवेची आणि पंखांची झाली. अहवालाचा मला महत्त्वाचा वाटणारा भाग त्याआधीच्या काही तासांबद्दल आहे. त्या दिवशी अडामिनाबीच्या आगीवर आधी एक बोईंग ७३७ टँकर जाऊन आला होता, आणि परिस्थितीमुळे आपण परत येणार नाही असे त्याच्या वैमानिकाने कळवले होते. टँकरच्या पुढे राहून वाट आणि वारा तपासणाऱ्या छोट्या मार्गदर्शक विमानाने तर तिथे जायलाच नकार दिला होता. लहान विमानांनीही काम थांबवले होते. म्हणजे त्या परिसरातल्या हवेबद्दलची सर्वात ताजी आणि खात्रीची माहिती व्यवस्थेकडे आलेली होती. ती माहिती सी-१३० च्या कर्मचाऱ्यांपर्यंत जशी पोहोचायला हवी होती तशी पोहोचली नाही. एका वैमानिकाने नाकारलेले काम दुसऱ्याला देताना त्या नकाराचे काय करायचे, तो कोणाला कळवायचा, याची ठरलेली पद्धतच अग्निशमन यंत्रणेकडे नव्हती, असे अहवाल स्पष्ट म्हणतो. विमान चालवणाऱ्या कंपनीकडेही अशा मोहिमेसाठी उड्डाणापूर्वी धोका मोजण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती.

आपल्याकडे नकाराला भित्रेपणाचा वास येतो, हे मी वर्दीत असताना आणि वर्दीबाहेर दोन्हीकडे पाहिले आहे. एखादा वैमानिक ‘आज तिथे जमणार नाही’ म्हणाला की समोरचा अधिकारी दुसऱ्या वैमानिकाला विचारतो, आणि दुसऱ्याला पहिल्याने नाही म्हटले हे सांगतही नाही. सांगितले तर तोही नाही म्हणेल, अशी त्याला भीती असते. खरे तर तो नकार म्हणजे त्या दरीचा त्या घटकेचा हवामान अहवालच असतो, आणि कोणत्याही वेधशाळेच्या अंदाजापेक्षा तो अचूक असतो, कारण तो प्रत्यक्ष त्या हवेत जाऊन आलेल्या माणसाने दिलेला असतो.

विमानातला दोष हे कारण अलीकडे तुलनेने कमी दिसते, पण ते विसरू नये. १७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉकर इथे एका सी-१३०ए टँकरचे दोन्ही पंख द्रव टाकताना वर दुमडून तुटले आणि तिघे ठार झाले. त्याचेही दूरचित्रण झाले होते. महिनाभरातच, १८ जुलैला, कोलोरॅडोत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पीबी४वाय-२ विमानाचा पंख तुटून दोघे ठार झाले. दोन्ही ठिकाणी धातू थकून पडलेल्या भेगा सापडल्या. या कामात पंखांवर पडणारा ताण मालवाहू विमानाच्या नेहमीच्या उड्डाणापेक्षा कितीतरी कठोर असतो: कमी उंचीवरची खडबडीत हवा, वारंवार वळणे, आणि काही टनांचे ओझे एका क्षणात सुटणे. सैन्याने निवृत्त केलेले स्वस्त विमान अशा कामाला जुंपले, की त्याचे उरलेले आयुष्य मोजण्याचे जुने कोष्टक निरुपयोगी होते. २००४ मध्ये अमेरिकेच्या संघीय यंत्रणांनी मोठ्या टँकरांची ३३ विमानांची कंत्राटे एकदम थांबवली, त्यामागे हीच कारणे होती.

बाकीच्या दुर्घटनांपैकी बऱ्याच पुन्हा डोंगराकडेच घेऊन जातात. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तुर्कस्तानात काहरामानमाराश भागात रशियाचे बेरियेव बीई-२०० डोंगरावर आदळून ८ जण ठार झाले. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी सिसिलीत एटना पर्वताच्या उतारावर कॅनडेअर सीएल-४१५ कोसळून दोघे ठार झाले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात बोईंग ७३७ टँकर एका कड्याला घासून पडला. इंजिने मंद ठेवून खाली उतरत असताना समोर चढ आला आणि इंजिनांना पुन्हा जोर पकडायला जो वेळ लागतो तेवढा उरला नव्हता. त्यातले दोन्ही वैमानिक जिवंत बाहेर आले, ही केवळ दैवाची कृपा म्हणावी लागेल.

आता आपल्या डोंगरांकडे येतो. मार्च २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात सत्तरीत आणि दक्षिणेकडच्या अभयारण्यांच्या भागातही ठिकठिकाणी वणवे लागले. हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने बांबी बकेट, म्हणजे पाण्याची मोठी बादली, टांगून आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरने पाणी फवारण्याच्या देशी उपकरणाने काम केले. भारतात हीच पद्धत रूढ आहे: २०१९ मध्ये बंदीपूर, २०२१ च्या सुरुवातीला नागालँड-मणिपूर सीमेवरचे झुको खोरे, २०२२ मध्ये सरिस्का, २०२४ मध्ये नैनिताल, सगळीकडे एमआय-१७ आणि बादली. म्हणून गोव्यातल्या वाचकाने ग्रीसच्या विमानापेक्षा हेलिकॉप्टरचे धोके समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

हेलिकॉप्टरला वेग नसला तरी ते हवेत राहते, म्हणून ते सुरक्षित, असा समज आहे. प्रत्यक्षात एका जागी तरंगत राहायला मध्यम वेगाने पुढे जाण्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते, आणि जमिनीजवळ तरंगताना पात्यांखालच्या हवेचा जो टेकू मिळतो तो झाडांच्या वर किंवा दरीच्या तोंडावर मिळत नाही. एमआय-१७ ची बादली भरली की सुमारे ३,५०० लिटर, म्हणजे साडेतीन टन ओझे खाली लोंबकळते. ते झोके घेते, आणि प्रत्येक झोका हेलिकॉप्टरला आपल्याकडे ओढतो. पाठीमागून वारा येत असताना वैमानिक कमी वेगाने पटकन खाली उतरू लागला, तर हेलिकॉप्टर स्वतःच्याच पात्यांनी खाली लोटलेल्या हवेत सापडते. मग जितकी शक्ती वाढवावी तितके ते जलद खाली जाते. यातून सुटण्याचा मार्ग पुढे किंवा बाजूला निसटणे हा असतो, आणि अरुंद दरीत तीच दिशा बंद असते. रिकामी बादली तर भरलेल्या बादलीपेक्षा फसवी. वेग वाढला की ती हलकी होऊन मागे उडते, आणि मागे शेपटीचा पंखा असतो. म्हणून रिकाम्या परतीच्या प्रवासातही वेगमर्यादा पाळावी लागते, जरी खाली उभ्या असलेल्या लोकांना ‘हे एवढे सावकाश का चालले आहे’ असे वाटत असले तरी. उष्णतेच्या दिवशी बादली पूर्ण भरू नये. तिच्या तोंडाजवळच्या पट्ट्याने क्षमता कमी करता येते, ती करावी. एक टन पाणी कमी नेल्याने जंगल जळत नाही.

तारा हा आणखी एक विषय. वाळपई, केरी, मोले या पट्ट्यात दरी ओलांडून जाणाऱ्या वीजवाहिन्या आहेत. धुरात त्या दिसत नाहीत. खांब झाडीत लपलेले असतात, आणि तार तर आकाशाच्या रंगाची. नकाशावर त्या नसतील, तर वैमानिकाला त्यांची माहिती फक्त स्थानिक माणूसच देऊ शकतो, आणि तो स्थानिक माणूस बहुधा वन विभागाचा रखवालदार किंवा वीज खात्याचा लाइनमन असतो, ज्याला मोहिमेच्या बैठकीला कोणी बोलावत नाही.

पाणी कुठून घ्यायचे हेही वाटते तितके सोपे नाही. अंजुणेचे धरण आगीला जवळ आहे, पण सभोवार डोंगर असल्यामुळे भरलेल्या बादलीनिशी बाहेर पडण्याची दिशा वाऱ्यावर अवलंबून राहते. डिचोली-सत्तरीकडच्या बंद खाणींचे पाणी भरलेले खड्डे वरून फार सोयीचे दिसतात. मला ते आवडत नाहीत. उभ्या भिंतींच्या आत उतरून तरंगणे म्हणजे वाऱ्याचा नैसर्गिक आधार सोडून स्वतःच्या ढवळलेल्या हवेत उभे राहणे होय, आणि एक इंजिन गेले तर तिथून बाहेर पडता येत नाही. साळावलीचा जलाशय मोठा आणि मोकळा आहे, पण सत्तरीसाठी दूर पडतो, आणि प्रत्येक फेरीतले जास्तीचे अंतर म्हणजे टाकलेल्या पाण्यांमधला जास्तीचा खंड.

वेळेचे गणित तर सर्वात कमी लोकांना ठाऊक असते. मार्चमध्ये सकाळी मतलई वारे मंद असतात आणि थंड हवेच्या थराखाली धूर दरीत साचून राहतो. हेलिकॉप्टर आत जाऊ शकत नाही. सूर्य चढून तो थर मोडला की धूर वर उचलला जातो आणि दरी दिसू लागते. त्यानंतर थोड्याच वेळात खारे वारे सुरू होतात, दुपारी घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात, उतारावरून वर चढणाऱ्या तापलेल्या हवेला मिळतात, आणि माथ्यावर पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याशी त्यांची गाठ पडते. तिथे हवा खवळते. दिसू लागणे आणि खवळणे यांच्यामधली जी काही वेळ मिळते तीच कामाची. मोहिमेचे वेळापत्रक या वेळेभोवती बांधले पाहिजे. मंत्र्यांच्या पाहणीभोवती नव्हे.

त्यात आता ड्रोनची भर पडली आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पॅलिसेड्स आगीवर काम करणाऱ्या सीएल-४१५ ला एका खासगी ड्रोनची धडक बसली, पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर उभे राहिले. गोव्यात लग्नाचे चित्रीकरण असो की धबधब्याचे, ड्रोन नाही असा प्रसंग विरळा. वणव्याची चित्रफीत काढण्याचा मोह कोणाला होणार नाही? तो आवरावा. हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याला लहानसा ड्रोनही पुरेसा आहे.

मग गोव्याने पाणी उचलणारी विमाने घ्यावीत का? माझे उत्तर नाही असे आहे. सीएल-४१५ सारखे विमान पाण्यावरून घसरत जात सुमारे १२ सेकंदांत ६,१३७ लिटर पाणी उचलते. त्यासाठी उतरण्यापासून पुन्हा चढेपर्यंत सुमारे १,३४० मीटरची मोकळी पट्टी आणि दोनेक मीटर खोल, निर्विघ्न पाणी लागते. साळावलीत लांबी मिळेल, पण उन्हाळ्यात पाणी उतरते तसे बुडालेल्या कुर्डीचे अवशेष वर येऊ लागतात, हे गोव्यात सर्वांना माहीत आहे. वर आलेले अवशेष दिसतात तरी, वितभर पाण्याखाली राहिलेली भिंत दिसत नाही. मांडवीत पूल, बार्जेस आणि कॅसिनोच्या बोटी. समुद्राचे पाणी उचलता येते, पण मीठ धातू खाते, आणि वर्षातले नऊ-दहा महिने दमट हवेत उभ्या राहणाऱ्या विमानाची निगा राखणे व त्याच्या वैमानिकांचा सराव टिकवणे हा छोट्या राज्याला न पेलणारा भार आहे. सराव नसलेला वैमानिक आणि वर्षातून दोनदा लागणारे विमान ही जोडी आगीपेक्षा अधिक धोकादायक आहे.

दुसरे कारण जंगलाच्या जातीचे. ग्रीसमध्ये पाइनची झाडे शेंड्यापर्यंत पेटतात आणि आग गावांवर चालून येते. आपल्याकडे पानझडी आणि निमसदाहरित रानात आग बहुतेक करून जमिनीवरच्या पाचोळ्यातून सरकते. ३,५०० लिटर पाणी ५० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्ट्यावर समान पसरले असे मानले, तरी जमिनीवर ५ मिलिमीटरही होत नाही. त्यातले कितीतरी वरच्या पानांवर अडते. पाचोळ्याखाली, पडलेल्या ओंडक्यात धुगधुगी उरते, आणि तास-दोन तासांत आग पुन्हा चालू लागते. शिवाय मोठे हेलिकॉप्टर लांब दोर न लावता खाली आले तर त्याच्या पात्यांचा वारा तोच पाचोळा पेटलेल्या ठिणग्यांसह पुढे उडवतो. पाणी टाकल्यावर लगेच तिथे पोहोचून हिरव्या फांद्यांनी झोडपणारी, पाचोळा ओढून पट्टा मोकळा करणारी माणसे असतील तरच हवाई पाण्याचा उपयोग. ती पोहोचू शकतील अशा ठिकाणी बहुधा हेलिकॉप्टरशिवायही काम होते. ती पोहोचू शकत नाहीत अशा कड्यांवर पाणी आगीचा जोर तेवढा कमी करते, ती विझवत नाही.

यातून धोक्याचे मोलही ठरते. कड्याखाली माणसे अडकली असतील, गुरांसह वाडी धोक्यात असेल, तर वैमानिकाने जास्त धोका पत्करणे समजण्यासारखे आहे. निर्मनुष्य उतारावरच्या पाचोळ्यासाठी तोच धोका पत्करू नये. नुकसान होते, रोपे आणि सरपटणारे जीव मरतात, याची मला कल्पना आहे. तरीही तीन-चार माणसांचे हेलिकॉप्टर आणि त्या उताराची एका उन्हाळ्याची हानी यांत निवड करायची वेळ आली तर मी आदेश देणाऱ्याच्या जागी असतो तर हेलिकॉप्टर परत बोलावले असते.

चौकशीबद्दल एक गोष्ट. कूमाच्या दुर्घटनेबद्दल मी इतके लिहू शकलो, कारण ते विमान नागरी होते आणि अहवाल सर्वांना वाचायला मिळाला. आपल्याकडे नागरी विमानांची चौकशी विमान अपघात अन्वेषण विभाग करतो आणि त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात. सैनिकी विमानाची चौकशी त्या त्या दलाचे चौकशी मंडळ करते, आणि तिचा तपशील सहसा बाहेर येत नाही. वणव्यावरचे आपले जवळजवळ सगळे उड्डाण सैनिकी असल्यामुळे, उद्या एखादी बादली झाडात अडकली किंवा एखादे हेलिकॉप्टर थोडक्यात बचावले, तर त्यातून काय कळले हे वन खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला समजण्याचा नियमित मार्ग नाही. गुप्ततेची गरज मला मान्य आहे. पण वारा, तार आणि धूर यांत गुप्त असे काही नसते. तेवढा भाग वेगळा काढून मोहिमेत सहभागी खात्यांना द्यायला हरकत नसावी.

वाचकाने विचारले नाही, तरी पंचायतीत किंवा वन विभागाच्या बैठकीत त्यांना मांडता येतील अशा काही गोष्टी सांगतो. काजूच्या बागायतीत खालचा पाला जाळण्याचे काम फेब्रुवारीपर्यंत सुरू होते, म्हणून त्याआधीच वीज खात्याने सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांतल्या दरी ओलांडणाऱ्या तारांचा नकाशा हेलिकॉप्टर दलांना द्यावा, आणि प्रत्येक मोहिमेच्या बैठकीला त्या भागातला एक तरी रखवालदार असावा. पाणी घेण्याच्या जागा आधीच वैमानिकांनी येऊन पाहाव्यात. खाणींचे खड्डे वापरायचे असतील तर कोणते वापरायचे नाहीत हेही तेव्हाच ठरवावे. मोहीम चालू असताना नियंत्रण कक्षात एक वही ठेवावी, तीत प्रत्येक नकार वेळ, ठिकाण आणि कारणासह लिहावा, आणि त्या दरीकडे जाणाऱ्या पुढच्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी तो वाचून दाखवणे बंधनकारक करावे. नकार देणाऱ्याचे नाव त्यात लिहिण्याची गरज नाही.

आणि आपण स्वतः ज्या परिसरात राहता तिथे हेलिकॉप्टर बादली भरायला येईल असे कळले, तर काठापासून दूर राहा, पत्रे आणि ताडपत्र्या बांधून ठेवा, आणि पाणी टाकायच्या पट्ट्यात आग झोडपायला गेलेल्या माणसांना हेलिकॉप्टर दिसताच बाजूला होण्याची सूचना कोणाकडून मिळणार आहे हे आधी विचारून घ्या. साडेतीन टन पाणी कमी उंचीवरून माणसावर पडले तर ते झाडाच्या फांद्याही सोबत आणते.